तिच्या पायांवर बोललेला नवस

नवस बोलायचा तर माणसानं आपल्या अंगावर बोलावा. मी अनवाणी येईन, मी उपास धरीन, मी लोटांगण घालीन, असं. माझ्या सासूबाईंनी तो बोलला माझ्या मुलीच्या पायांवर, आणि मुलगी तेव्हा धड पालथीसुद्धा पडत नव्हती.

त्याचं असं झालं. आमचं पहिलं मूल, मुलगा, पाळण्यातच गेला. ताप आला आणि तो गेला, एवढंच मला त्याबद्दल सांगता येतं. मग ही झाली. पहिल्याच वर्षी हिलाही ताप चढला तेव्हा पांढुर्ण्यातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. डॉक्टर येऊन गेले होते, औषधाची बाटली कोनाड्यात होती. सासूबाई अंगणात गेल्या, तिगावकडच्या टेकड्यांकडे, आपल्या माहेरच्या देवीकडे, तोंड करून उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "माय, हे पोरगी वाचू दे. चालाले लागली का हे सोताच्या पायानं चढून तुह्या दर्शनाले येईन. कोनी उचलनार नाही तिले." मग आत आल्या आणि काही झालंच नाही अशा चुलीपुढे बसल्या. सकाळी ताप उतरला. औषधानं उतरला असं माझे यजमान म्हणत. ते सरकारी शाळेत मास्तर, त्यांना तसं म्हणणं भाग होतं.

मुलीसाठी नवस बोलल्या म्हणून गल्लीत थोडी कुजबुज झाली. शेजारच्या एक काकू सरळच म्हणाल्या, "पोट्टा असता तं गोष्ट येगळी होती." सासूबाई पीठ चाळत होत्या. "पोट्टी काय आमाले उकिरड्यावर सापडली?" म्हणाल्या आणि चाळणी अशी आपटली की काकूंच्या पदरावर पीठ उडालं. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. पण नवसाचा राग आला तो आलाच. मला न विचारता माझ्या मुलीचे पाय यांनी कुणाला देऊन टाकले? तोंडावर मी तसं बोलले नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, अहोजाहो करायची, आणि राग आला की भांडी जोरात घासायची. त्या काळात आमच्या घरच्या पितळ्या फार चकचकीत असत.

रागाचं एक वेळ चालून गेलं असतं. माझी खरी अडचण भीतीची होती. नवस फिटेपर्यंत मूल देवीचं, आपल्याकडे ते नुसतं सांभाळायला, असं सासूबाईंच्या माहेराकडे मानत. मी सौंसरची, कापूस आणि संत्र्यांच्या घरातली. आमचा देव शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेंदूर लावून बसलेला असे, त्याला दसऱ्याला नारळ दिला की वर्षभर तो आम्हाला काही विचारत नसे आणि आम्ही त्याला. असल्या अटी घालणारं दैवत मला नवीन होतं. माझा त्यावर विश्वास होता का, तर नव्हता. भीती वाटायची का, तर वाटायची. मुलगी मांडीवर खिदळायची आणि मी तिच्यासोबत हसताना आतून थोडी मागे सरकलेली असायची. एक मूल माझं म्हणून मी हरवलं होतं. हे दुसरं नवस फिटेपर्यंत माझं म्हणायचं नाही, असं मी मनाशी धरलं होतं. टेकडी चढून झाली की मग म्हणेन. तेव्हा तिला पोटभर माझी म्हणेन.

ती वर्षाची झाली तेव्हा भिंतीला धरून चालू लागली. सासूबाई लगेच निघायला तयार. यजमान म्हणाले, "माय, टेकडी म्हंजे काय आपली ओसरी आहे?" आणखी एक वर्ष गेलं. मुलगी दोन वर्षांची झाली, दारातून निसटून गल्लीच्या तोंडापर्यंत पळू लागली, आणि माघ संपता संपता, थंडी सरून उन्हं अजून गोड असताना, एका रविवारी आम्ही चौघं सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. पिशवीत नारळ, हिरवा खण, नैवेद्याच्या पोळ्या, आमच्यासाठी भाकरी आणि झुणका, आणि माझ्या माहेरची संत्री.

गाडीतच मी नियम विचारून घेतले. पुढे घोळ नको होता.

"आत्याबाई, बोट धरलं तर चालेल?"

"चालन. बोट धरलं का पाय तिचेच चालते."

"मोठा दगड आला आणि काखेत हात घालून पलीकडे ठेवली तर?"

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहत विचार केला. "पाय अधांतरी नाही झाले पायजे. दगडाले वळसा घालाचा."

"बसल्यावर मांडीवर?"

"बसली तं घे. घेऊन उठाचं नाही."

"आणि झोपली तर?"

"झोपली तं झोपू द्याची. आपन बसून राहाचं."

यजमान म्हणाले, "माय, तू वकील व्हाले पायजे होती." त्या खुशीत आल्या आणि त्यांनी नातीला संत्र्याची फोड सोलून दिली. मुलीनं ती खिडकीच्या गजाला लावून पाहिली, मग खाल्ली.

तिगावला उतरलो तेव्हा धुकं अजून गव्हाच्या शेतांवर बसलेलं होतं. हरभऱ्याला घाटे धरले होते, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या. सासूबाईंचं गाव तिथूनच थोडं आत, पण माहेरचं आता कुणी उरलं नव्हतं. त्या गावात शिरल्या नाहीत. पायवाटेनं आम्हाला सरळ टेकडीच्या पायथ्याशी घेऊन गेल्या. तोपर्यंत मुलगी बापाच्या खांद्यावर होती, त्याला नियमांची हरकत नव्हती.

पायथ्याशी शेंदूर लावलेला एक धोंडा होता. तिथून देवीची हद्द. सासूबाईंनी तांब्यातलं पाणी मुलीच्या पायांवर घातलं, बोटांना कुंकू लावलं, आणि त्या कुंकवाच्या पायांना मातीवर उभं करून म्हणाल्या, "चल माय."

मुलगी खाली बसली.

तिला शेळ्यांच्या लेंड्या दिसल्या होत्या. काळ्या, गोल, एकसारख्या. तिनं एक उचलली, तळहातावर ठेवली, आमच्याकडे वर पाहिलं. यजमान हसत सुटले. मी धावले. सासूबाई म्हणाल्या, "पाहू दे ना तिले, वास आला का टाकून देईन." तिनं वास घेतला आणि टाकून दिली. मग दुसरी उचलली, तिचाही वास घेतला. या वेगानं टेकडी चढायची म्हणजे होळी इथंच करावी लागेल, असं यजमान म्हणाले.

टेकडी उंच नव्हती. मोठं माणूस नारळ हातात घेऊन बोलत बोलत वर पोचलं असतं. पण आम्हाला त्या दिवशी मोठ्या माणसांची टेकडी चढायचीच नव्हती. सागाची पानं गळून वाटेवर पसरलेली होती, एकेक पान मुलीच्या छातीएवढं. त्यावर पाय पडला की कुर्रम आवाज व्हायचा. पहिला आवाज झाला तेव्हा ती दचकली. दुसरा तिनं स्वतः केला. मग पायवाटेचा विचार सोडून ती पानापानावर उभी राहत निघाली, कधी वर, कधी आडवी, कधी पुन्हा खाली. आम्ही तिघं तिच्या मागे. बापानं एक पान उचलून त्याला दोन भोकं पाडली आणि तोंडापुढे धरलं. मुलीनं भोकांतून आत डोकावून पाहिलं, आत कुणी ओळखीचं आहे का म्हणून.

पुढे मुंगळ्यांची रांग होती. ती उकिडवी बसली, मग मी बसले, मग यजमान बसले, आणि गुडघे दुखत असूनही सासूबाई बसल्या. एक मुंगळा आपल्याहून लांब काडी ओढत होता. काडी दगडात अडकली. मुलगी म्हणाली, "अलकली." तो मागे गेला, पुढे आला, काडी फिरवली, निघाला. ती आमच्याकडे पाहून हसली. माझ्या यजमानांना मी लग्नानंतर कधी कशाकडे इतका वेळ टक लावून पाहताना पाहिलं नव्हतं, वह्या तपासताना तर नाहीच.

मी मात्र भीत होते. बोरीचे काटे, दगडाखालचे विंचू, वेलीवर तडकलेल्या शेंगांतून दिसणारी लाल-काळी गुंज, तिनं तोंडात घातली तर? घरी असते तर केव्हाच उचलून कडेवर घेतली असती. तिथं उचलता येत नव्हतं. हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे, एवढंच काम मला उरलं होतं. गुंज मी तिच्या बोटांतून काढून घेतली, तेव्हा ती रागावली आणि माझ्याकडे पाठ करून चालू लागली.

आणि मी बघत राहिले. आमची मुलगी सदा कुणाच्या तरी कडेवर असायची. एक गेलेला असल्यानं आम्ही तिला जमिनीला टेकू देत नव्हतो म्हटलं तरी चालेल. त्यामुळे मला तिचा चेहरा पाठ होता, ओठाखालचा बारीक तीळ पाठ होता, पण कुठेतरी निघालेली ती मी पाठमोरी अशी कधी पाहिली नव्हती. पोलक्याची बटणं, मानेवर आलेले मऊ केस, धुळीत लाल झालेल्या टाचा. दोन्ही हात अंगापासून थोडे लांब धरून, तोल सांभाळत, झाडांमधल्या उन्हाच्या ठिपक्यांत शिरणारी ती एक वेगळीच व्यक्ती होती. तिला कुठंतरी जायचं होतं. कुठं ते तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं. मला तिची फार ओढ वाटली.

एका धावड्याच्या बुंध्याशी माती पिठासारखी बारीक होती आणि तिच्यात वाटीच्या आकाराचे चिमुकले खड्डे होते. सासूबाई तिथं फतकल मारून बसल्या. गवताची काडी घेऊन त्यांनी एका खड्ड्याच्या कडेला हळूच टेकवली, माती घसरली, आणि तळातून इवलासा एक किडा मागच्या मागे सरकत वर आला.

"आमी लहानपनी बकऱ्या घेऊन येत होतो ना इथंसा," त्या म्हणाल्या, "तं दिवसभर हेच करत राहू. बकऱ्या जाये लोकायच्या वावरात आन् मार खावा आमी."

मुलीनं काडी घेतली. तिच्या हातून खड्डाच बुजला. सासूबाईंनी दुसरा दाखवला, तोही बुजला. तिसराही. त्या एकदाही वैतागल्या नाहीत. ज्या बाईनं घरात मीठ जास्त पडलं तर दोन दिवस ऐकवावं, ती बाई मातीत बसून नातीला म्हणत होती, "अशी नाही माय, आरामशीर. त्याले वाटलं पायजे का मुंगी आली." पदर डोक्यावरून खाली आला होता, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मला एकदम दिसलं की यांनाही कधीतरी या टेकडीवर कुणी हाका मारत शोधत आलं असेल.

खालून गाडीचा आवाज आला. तिगावहून पुढे घाट लागतो, म्हणून मालगाडीला मागूनही इंजिन लावतात. एक ओढतं, एक ढकलतं. झाडांच्या फटीतून गाडी कितीतरी वेळ जात राहिली, मध्येच थांबल्यासारखी व्हायची आणि पुन्हा निघायची. मुलगी बोट करून उभी. पुढचं इंजिन डोंगरात शिरलं तरी मागचं अजून आमच्या समोरच होतं. धूर झाडांच्या शेंड्यांवर तरंगत राहिला आणि मग धूर कुठला आणि धुकं कुठलं ते कळेना. ऊन अंगावर ऊबदार झालं होतं. किती वाजले असतील याची कुणालाच फिकीर नव्हती. यजमानांच्या मनगटावर घड्याळ होतं आणि ते त्यांनी पाहिलं नाही.

असं करत, दोन झाडं पुढे नि एक झाड मागे, आम्ही अर्ध्याहून वर आलो होतो. एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली सपाट जागा होती. तिथून वर देवीचं निशाण दिसायचं, फाटकं, लाल, वाऱ्यानं हलणारं. भाकरीचं फडकं सोडलं. मुलीनं झुणका बोटानं चाटला, संत्र्याच्या बिया एकेक करून मातीत रोवल्या, आणि रोवता रोवता माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. नियमात बसत होतं. मी बसलेली होते.

सासूबाई झाडाला टेकल्या. यजमान तोंडावर रुमाल टाकून आडवे झाले. एखादं वाळलेलं पान आपोआप खडखडायचं आणि थांबायचं. मला झोप लागली नव्हती, पण जागीही नव्हते. त्या मधल्या अवस्थेत मला वाटेवर दोन मुलं चाललेली दिसली. धाकटी माझीच, लाल टाचांची. मोठं तिच्याहून वीतभर उंच, तिच्या हाताला धरून तिला पानं दाखवत होतं. तेही पाठमोरंच. मला त्याला हाक मारायची होती, म्हणजे ते वळलं असतं, पण आवाज निघेना, आणि खरं सांगायचं तर मला तो निघायला नकोही होता. ती दोघं चांगली चालली होती. मी नुसती बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

मांडीवरच्या रडण्यानं मी भानावर आले.

मुलगी उठली होती आणि जागा ओळखीची नव्हती. ऊन पलीकडे गेलं होतं. अर्धवट झोपेतून उठलेलं मूल कसं रडतं ते आईलाच माहीत. त्याला दुखत नसतं, भूक नसते, त्याला नुसतं उचलून हवं असतं. तिनं दोन्ही हात वर केले. "घे," म्हणाली. मी मांडीवर घेऊन थोपटलं. मांडी तिला नको होती. "उतून घे." उठून घे. मी संत्रं दाखवलं, पान वाजवलं, बापानं माकडासारखं तोंड केलं. ती आणखी रडली. बोट धरून उभी केली तर पाय गोळा करून खाली बसली, बापाकडे गेली, हात वर केले, तो मागे सरकला. मग आजीकडे. आजीनं पदराआड हात घेतले आणि म्हणाली, "चाल ना माय, हे पाह्य ना, तिथं आहे देवी, थोडंच राह्यलं."

थोडंच राहिलं होतं हे खरं. निशाणाची शिवणसुद्धा दिसत होती. पण ती काही उठेना. रडणं वाढत वाढत उचकी लागली. आम्ही तीन मोठी माणसं तिच्याभोवती उभी आणि ती मधोमध मातीत बसून, एकेकाकडे वळून हात करतेय. एवढ्या माणसांतून आपल्याला कुणी का उचलत नाही हे त्या जिवाला कळत नव्हतं. सकाळपासून जो दिवस इतका हलका होता तो माझ्या छातीवर येऊन बसला. खाली परत न्यावी तर नवस तसाच. पुन्हा वर्षभर ती उसनी, पुन्हा मी अर्धी मागे सरकलेली. उचलून वर न्यावी तर नवस मोडला, आणि मोडल्यावर काय होतं याचा विचार मी करू शकत नव्हते. एक पाळणा मी रिकामा पाहिलेला होता.

ती माझ्याकडे आली, माझ्या लुगड्याच्या निऱ्यांत तोंड खुपसलं आणि रडायची थांबली. नुसती थरथरत राहिली. तिनं मागणंच सोडून दिलं होतं. ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "होईल ते होवो," आणि वाकले.

सासूबाईंनी माझा हात धरला. चांगला जोरात धरला, बांगडी रुतली.

"तू नोको उचलू," त्या म्हणाल्या.

माझा इतक्या दिवसांचा राग तोंडापर्यंत आला. मी बोलणारच होते. पण त्यांनी मला बाजूला केलं, गुडघ्यावर हात ठेवून कशाबशा वाकल्या आणि मुलीला उचलून कडेवर घेतलं.

"तू उचलली तं तुह्यावर येईन," त्या म्हणाल्या. "बोलली मी होती. मीच उचलतो."

यजमान "माय" एवढंच म्हणाले. त्या थांबल्या नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांची ती बाई दोन वर्षांची दणकट पोर कडेवर घेऊन, वाटेत एकदाही खाली न ठेवता, आम्हा दोघांच्या पुढे वर गेली. मुलीनं त्यांच्या खांद्यावर गाल टेकला होता आणि मागे माझ्याकडे बघत होती, अगदी शांत.

वर देऊळ नव्हतं. एका कडुलिंबाखाली शेंदूर चढून चढून गुळगुळीत झालेला दगड, दोन घंटा, निशाण. सासूबाईंनी मुलीला कडेवर ठेवूनच खण वाहिला, यजमानांनी नारळ फोडला. मग त्या देवीशी बोलल्या. गल्लीत भाजीवाल्याशी बोलाव्यात तशाच आवाजात.

"हे आपल्या पायानं नाही आली. म्या आनली कडेवर. बोल मी बोलली होती, मोडला बी मीच. काय असन ते माह्यासंग कर. पोरीले मंधात घेऊ नोको, आन् तिच्या मायले बी नोको. त्या बाईनं लय पाह्यलं आहे."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या गेलेल्या मुलाचा एका शब्दानं उल्लेख केला नव्हता. मला वाटायचं, विसरल्या. मी तिथं घंटेखाली उभी राहिले.

उतरताना मुलगी मला घ्या असं एकदाही म्हणाली नाही. सगळी टेकडी स्वतः उतरली, पडली, उठली, बोटसुद्धा धरू देईना. यजमान म्हणाले, "पाह्य माय, देवीनं उलटं ऐकलं." सासूबाई हसल्या नाहीत. थकल्या होत्या.

त्या दिवसानंतर घरात एक विचित्र गोष्ट झाली. माझी भीती मुलीवरून उठली आणि सासूबाईंवर जाऊन बसली. मुलगी अंगणात माती खाऊ लागली, चिखलात लोळू लागली, आणि मी तिला खुशाल सोडून सासूबाईंच्या मागे. त्या खोकल्या की माझा जीव खाली-वर. फाल्गुनात त्यांना साधं पडसं झालं तर मी काढा केला, डॉक्टरांना बोलावलं, त्यांच्या हातून पाण्याची बादली काढून घेतली. ज्या बाईवर मी दोन वर्षं धुसफुसले ती मला आता क्षणभर नजरेआड नको होती.

शेवटी एका सकाळी त्या अंगणात मांडीवर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होत्या, आणि मी त्यांना ऊन लागतं का, सावलीत बसता का, असं तिसऱ्यांदा विचारलं.

"कायले मागं मागं फिरून राह्यली वं?" त्या म्हणाल्या. "मरून नाही राह्यली मी."

मी सांगून टाकलं. म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही अंगावर घेतलंत ना. मला भीती वाटते. देवी रागावली असेल तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी अगदीच अडाणी निघाले होते.

"अवं, ते बी मायच आहे ना," त्या म्हणाल्या. "रडतं लेकरू उचललं म्हनून कोनती माय रागावते?"

मुलगी हौदाजवळ पाण्यात हात मारत होती. माझी मुलगी. मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले. मुलगा गेला तेव्हा सगळे रडले होते, मी रडले नव्हते. आता थांबता येईना. सासूबाईंनी सूप मांडीवरून काढून बाजूला ठेवलं आणि मांडी मोकळी केली.